जुने टंकलेखनयंत्र घेताना

गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकलेखनयंत्र बाजारात आणले. २००९ साली उत्पादन थांबले. ज्याच्या खडखडाटात बँकेतील माझी उमेदवारी सरली, तसे एक यंत्र निवृत्तीनंतर मी सोलापुरात भंगारवाल्याकडून घेतले आणि फसलो. बाहेरची झळाळी पाहिली. रबरी रोलर दगडासारखा झाला होता, तो पाहिला नाही.

नवख्या संग्राहकाने कागद व नवी रिबन सोबत न्यावी. प्रत्येक कळ दाबावी. कॅरेज ओळीच्या शेवटापर्यंत सरकते का, घंटा वाजते का, हे पाहावे. मराठी यंत्रावर उकाराची कळ दाबल्यास कॅरेज जागीच राहावयास हवी.

दुकानात आपण माल पारखूनच दाम मोजतो. आठवणींच्या वस्तूपुढे मात्र पारख हळवी होते. तिथेच सावध असावे.