विज्ञानचर्चा : लोखंडाचा सूर व चांदीचा सूर

कळंबोलीच्या लोखंडबाजारांत मालाचें मोल टनावर ठरतें. त्याच लोखंडांत शेंकडा सुमारें २.१ अणु लोखंड-५७ या जातीचे असतात व त्यांच्या केंद्रकाचा सूर मोजतां येतो, ही गोष्ट तेथील व्यापाऱ्यांच्या उपयोगाची नसली, तरी आमच्या जिज्ञासु वाचकांस रुचेल.

हें केंद्रक उत्तेजित झालें म्हणजे सेकंदाच्या सुमारें कोट्यंशांत गॅमा किरण सोडून शांत होतें. तोच किरण त्याच जातीच्या दुसऱ्या केंद्रकानें झेलणें, याचें नांव अनुनाद. सतारीची तार छेडली असतां खालच्या तरफेच्या तारा आपोआप झंकारतात, तसाच हा प्रकार. परंतु किरण सोडतांना केंद्रकास मागें धक्का बसतो व सूर उतरतो. केंद्रक स्फटिकांत घट्ट बसलेलें असल्यास पुष्कळदां तो धक्का सबंध स्फटिक सोसतो व सूर ढळत नाहीं, हें जर्मन शास्त्रज्ञ मोसबाउअर यांनीं १९५८ सालीं प्रसिद्ध केलें.

मोजण्याचें यंत्र दिसावयास साधें. किरण देणारा कोबाल्ट-५७ दांड्यावर बसवून सेकंदास कांहीं मिलिमीटर वेगानें मागें-पुढें हालवितात. समोर लोखंडाचा पातळ नमुना व त्यापलीकडे किरण मोजणारें उपकरण. कोणत्या वेगास किरण शोषले जातात, त्यावरून गंज कोणत्या प्रकारचा हेंही कळतें. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रांत या पद्धतीनें संशोधन झालें आहे.

खरी पंचाईत दीर्घायुषी केंद्रकांची. उत्तेजित अवस्थेंत बराच काळ टिकणाऱ्या केंद्रकांस आयसोमर म्हणतात. (हाडांचें चित्र घेण्यापूर्वीं रुग्णास टोंचतात तें टेक्नेशियम-९९एम याच वर्गांतलें, अर्धायुष्य ६ तास.) आयुष्य जितकें लांब, तितका सूर नेमका. चांदी-१०९ च्या आयसोमराचें अर्धायुष्य सुमारें ४० सेकंद. हिशेब असा निघतो कीं, किरण देणारें व घेणारें केंद्रक यांच्या उंचींत मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढें अंतर पडलें, तरी पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणानें सूर बिघडावा! लोखंडाच्या किरणावर हाच परिणाम मोजण्यास पाउंड व रेब्का यांना १९६० सालीं हार्वर्ड येथें २२.५ मीटर उंची लागली होती, आणि तेव्हांही सूर अगदीं किंचितच सरकला. चांदीच्या बाबतींत दांडा हालविणें व्यर्थ. यंत्र जरासें कलतें करणें एवढेंच हातीं उरतें. मॉस्को येथील संशोधकांनीं या तत्त्वावर यंत्र रचून अनुनाद पाहिल्याचें म्हटलें आहे. आम्हांस तें सहज पटत नाहीं. शेजारच्या केंद्रकांचें अल्पसें चुंबकत्वही एवढा बारीक सूर विस्कटून टाकण्यास पुरेसें असतें.

थोरियम-२२९ च्या आयसोमरास मात्र लेसरच्या प्रकाशानें जागविण्यांत युरोपांतील शास्त्रज्ञांस २०२४ सालीं यश आलें. त्याची शक्ति अवघी ८.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे गॅमा किरणांच्या मानानें फारच थोडी. त्यामुळें तेथें अतिनील प्रकाशानेंच भागलें.