आधी खटला, मग विमान

प्रति,
अमेरिकेचे न्याय विभाग आणि होमलँड सिक्युरिटी विभाग यांचे प्रमुख

महोदय,

मी न्यू जर्सीतल्या एका गोदामात माल रवाना करण्याचं काम बघते. हेच पत्र तुमच्याकडे इंग्रजीत पाठवलं आहे. मराठीत छापायला दिलं, कारण गोदामं, ट्रक आणि डिस्पॅचच्या धंद्यात आता आपलीही माणसं आहेत आणि त्यांतल्या अनेकांकडे अजून भारताचाच पासपोर्ट आहे.

११ जुलै २०२२ च्या पहाटे कॅलिफोर्नियात लेबेकजवळच्या ट्रकथांब्यावर ब्रिंक्स या सुरक्षा कंपनीच्या ट्रेलरमधून दागिने आणि घड्याळं चोरीला गेली. किंमत सुमारे १० कोटी डॉलर. प्रदर्शनांमागून प्रदर्शनं करत फिरणाऱ्या जवाहिऱ्यांचा तो माल होता. जून २०२५ मध्ये सात जणांवर आरोप ठेवल्याचं जाहीर झालं. त्यांतला एक अमेरिकेचा नागरिक नव्हता आणि त्याने गुन्हा नाकारला होता. खटला उभा राहण्याआधीच इमिग्रेशन खात्याने त्याला इक्वेडोरला पाठवून दिलं.

एका विभागाने तीन वर्षं खपून आरोपपत्र तयार करायचं आणि दुसऱ्याने आरोपीला विमानात बसवायचं, याला कडक कायदा म्हणत नाहीत. तो माणूस निर्दोष असेल तर त्याचं नाव कोर्टात स्वच्छ व्हायला हवं होतं. दोषी असेल तर तो शिक्षा न भोगता घरी गेला. जवाहिऱ्यांच्या हाती दोन्हीकडून काहीच लागलं नाही. आणि हे टाळता येत होतं. फौजदारी खटल्यात ज्याची गरज आहे अशा परदेशी माणसाला देश सोडण्यापासून रोखण्याची तरतूद तुमच्या नियमांत आधीपासून आहे.

आता चोरी कशी होते ते सांगते, कारण कुलूप तोडणारा चोर हा प्रकार आमच्याकडे मागे पडत चालला आहे. हल्ली ट्रक दिवसाढवळ्या डॉकला लागतो. ड्रायव्हरकडे खरा पिकअप नंबर असतो. दारावर कंपनीचं नाव असतं, पण ते चुंबकाच्या पाटीवर. आम्ही लायसन्सचा फोटो काढतो, माल चढवतो, सील लावतो, बिल ऑफ लेडिंगवर सही घेतो. ट्रक निघून जातो आणि दोन दिवसांनी खरी कंपनी फोन करून विचारते, आमचा लोड कधी तयार होणार? कुणीतरी लोड बोर्डवर, म्हणजे माल आणि ट्रक जुळवणाऱ्या वेबसाइटवर, त्या कंपनीची ओळख चोरून ब्रोकरकडून काम घेतलेलं असतं. तो कुणीतरी पुष्कळदा अमेरिकेत नसतोच. लॅपटॉप आणि फोन असला की झालं. असा माणूस इथे सापडला आणि तुम्ही त्याला देशाबाहेर काढलंत तर त्याची फक्त खुर्ची बदलते. तो उद्या तिथून हाच धंदा करील, आणि पकडून परत आणायचा तर प्रत्यार्पणाची वर्षानुवर्षांची लढाई लढावी लागेल.

सापडतो कोण? ड्रायव्हर. काहींना खरोखर काही ठाऊक नसतं. काहींना वास येतो, पण चार पैसे जास्त मिळतात म्हणून ते विचारत नाहीत. या दुसऱ्यांची मी बाजू घेत नाही, त्यांना शिक्षा व्हावी. पण शिक्षेचं माप बघा. इमिग्रेशन कायद्याच्या १९९६ च्या दुरुस्तीने चोरीला किमान एक वर्षाची कैद झाली की ते ‘अॅग्रव्हेटेड फेलनी’ ठरतं, मग ती कैद पूर्ण स्थगित होऊन माणूस एक दिवसही तुरुंगात गेला नसला तरी. मदत केली तरी ती चोरीच, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केलं. फसवणुकीचा गुन्हा असेल तर किती कैद झाली हेही बघायचं नाही. नुकसान १०,००० डॉलरच्या वर गेलं की पुरे. ट्रकभर मालाची किंमत त्याहून कमी क्वचितच असते. ग्रीन कार्ड वीस वर्षांचं असो, मुलं इथे जन्मलेली असोत, हा शिक्का बसला की इमिग्रेशन न्यायाधीशाला ग्रीन कार्डवाल्याची हद्दपारी माफ करण्याचा नेहमीचा अधिकारच राहत नाही. सरकारच्या खास परवानगीशिवाय परत येणंही कायमचं बंद.

वकील सांगतो, कबूल करून टाक, जेल नाही, नुसतं प्रोबेशन आहे. माणूस सही करतो. पडिया विरुद्ध केंटकी या २०१० च्या खटल्यातला पडियाही ट्रकच चालवत होता. चाळीस वर्षांहून जास्त काळ इथे राहिलेला, व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यात असलेला. त्याच्या ट्रेलरमध्ये गांजा सापडला होता. इतकी वर्षं इथे आहेस, काळजी करू नकोस, असं वकिलाने सांगितलं आणि ते साफ चुकीचं होतं. हद्दपारीची कल्पना अशिलाला देणं हे वकिलाचं कर्तव्यच आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. तरीही आमच्या धंद्यातल्या किती जणांना हे माहीत आहे, ते एखाद्या ट्रकथांब्यावर येऊन विचारा.

त्यात जानेवारी २०२५ चा लेकन रायली कायदा. कागदपत्रांविना राहणाऱ्याला चोरीच्या नुसत्या अटकेवरूनही इमिग्रेशनच्या कोठडीत ठेवणं आता बंधनकारक आहे. म्हणजे खटल्याआधीच विमानाच्या रांगेत लागणारे वाढणार, आणि लेबेकसारखे प्रकारही.

माझं मागणं अवघड नाही. मालचोरीत आरोप ठेवलेल्या कुणालाही, सरकारी वकिलाची लेखी संमती असल्याशिवाय, निकालाआधी देशाबाहेर पाठवू नका. निकालानंतर आधी शिक्षा भोगू दे, नुकसानभरपाईचा हुकूम होऊ दे, मग हद्दपारीचं बघा. टोळीतल्या वरच्यांची नावं सांगणाऱ्या ड्रायव्हरसाठी एस व्हिसा आहे. गुन्ह्यांची माहिती देणाऱ्यांना तो वर्षाला २०० पर्यंत देता येतो. तो वापरा. आणि काँग्रेसकडे शिफारस करा की स्थगित कैद ही भोगलेल्या कैदेसारखी मोजू नये, आणि पहिल्याच गुन्ह्यात सापडलेल्या ग्रीन कार्डवाल्या ड्रायव्हरचं म्हणणं ऐकून घेण्याचा अधिकार न्यायाधीशाला परत मिळावा.

लेबेकच्या आरोपीला कुणाच्या सहीने देशाबाहेर पाठवलं, आणि त्या दिवशी सरकारी वकिलांना कुणी विचारलं होतं का, याचं उत्तर त्या जवाहिऱ्यांना लेखी द्या.

आपली,
न्यू जर्सीतली एक गोदाम कर्मचारी