दवाखान्याची फाईल वाचतं कोण?

पुणतांब्यात मोठं आजारपण आलं की आपण गाडी काढतो. कोपरगाव, श्रीरामपूर, लोणी, फारच झालं तर नगर-नाशिक. डबा, चादर आणि कुणातरी बाईच्या हातात रिपोर्टची प्लॅस्टिकची पिशवी. पेशंट घरी आला की पिशवी कपाटावर जाते आणि दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत निघते. मैत्रिणींनो, मला या पिशवीबद्दलच बोलायचंय.

टाके पिकले, औषध अंगावर उठलं, तर आपण नशिबाला बोल लावून मोकळ्या होतो. असं किती जणांचं होतं, ते मोजता येतं का? येतं की! न्यूयॉर्क राज्यातल्या ५१ रुग्णालयांमधले १९८४ सालातले तीस हजारांवर केसपेपर हार्वर्ड विद्यापीठाच्या मंडळींनी काढून वाचले. आधी नर्स आणि रेकॉर्ड तपासणाऱ्यांनी चाळले. संशय आला ती फाईल मग डॉक्टरांकडे. १९९१ साली आकडा आला : ३.७ टक्के पेशंटना आजाराने नव्हे, तर उपचारांमुळे इजा झाली होती. त्यातही निष्काळजीपणा साधारण चौथ्या हिश्शात. बाकीच्यांत कुणी खलनायक नव्हता. आपल्याकडे मात्र डॉक्टर एकतर देव, नाहीतर दवाखान्याच्या काचा फोडा!

पुढे ही रीत सोपी झाली. महिन्याला वीस फाईली, एकीला जास्तीत जास्त वीस मिनिटं. सगळी वाचायचीच नाही, खुणा शोधायच्या. अचानक रक्त चढवावं लागलं का? पेशंटला पुन्हा ऑपरेशनला नेलं का? औषधावर उतारा द्यावा लागला का? घरी गेलेली बाई महिन्याच्या आत परत भरती झाली का? तांदूळ निवडताना आपला हात नेमका खड्यावरच जातो ना, तसंच.

पण खडा ताटात दिसायला तर हवा! माझ्या धाकट्या जावेचं सिझेरियन झालं आणि रात्री तिला परत आत नेलं. रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या, आम्हीच धावाधाव करून आणल्या. डिस्चार्ज कार्डावर काय? ‘प्रकृती समाधानकारक’. रात्रीचं एक अक्षर नाही. उद्या कुणी ते कार्ड वाचलं, तर त्या दवाखान्यात काही घडलंच नव्हतं.

बाळंतीण दगावली तर सरकारी चौकशी होते. मरणाच्या दारातून परत आलेल्या बायकांच्या नोंदी तपासायच्या सूचनाही केंद्र सरकारने २०१४ साली काढल्या, पण त्या मुख्यतः मोठ्या रुग्णालयांसाठी. माझी जाऊ दोन्हीकडे बसत नाही. बीडच्या ऊसतोड बायकांचं तेच झालं. २०१९ साली सरकारी पाहणीत विचारलं, तेव्हा कळलं की ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांवर जणींची गर्भपिशवी काढलेली आहे. त्यातल्या किती गरजेच्या होत्या, हे सांगायला नीट लिहिलेल्या फाईली लागतात.

डॉक्टर म्हणतील, बाई, असं सगळं लिहिलं तर तुम्हीच कोर्टात खेचाल. भीती खोटी नाही. म्हणून मोजणीत पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव नको, फक्त काय घडलं ते हवं. जिल्हा रुग्णालयाने आणि तालुक्याच्या डॉक्टर संघटनेने एवढं सुरू करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. बिलाचा हिशेब पैशा-पैशाने लागतो, मग इजेचा का नाही?

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार भरती पेशंटची कागदपत्रं डॉक्टरांनी तीन वर्षं ठेवायची असतात आणि मागितली की ७२ तासांत द्यायची असतात. नुसतं डिस्चार्ज कार्ड घेऊन येऊ नका. नर्सच्या नोंदी, औषधांचा तक्ता, ऑपरेशनची नोंद, सगळ्याची प्रत मागा. लेखी अर्ज द्या, तारीख टाका, पोच घ्या. काउंटरवरचा मुलगा ‘कशाला पाहिजे ताई?’ म्हणेलच. २०१७ साली शेतकरी संप ज्या गावातून सुरू झाला, तिथल्या बायकांना यावर काय बोलायचं ते मी कशाला सांगू?