वेगळी चूल, वेगळा सूर

वाद घालण्याची हौस आमच्या घराण्यांत पूर्वापार चालत आलेली आहे. हा ठेवा चौथ्या पिढीच्या हातीं सुखरूप पोंचला आहे, याची खात्री मला गेल्या महिन्यांतील एका रविवारीं पटली. छत्रपती संभाजीनगरांतील समर्थनगर भागांत आमचें घर आहे. दुपारचीं जेवणें आटोपून मी पान लावीत बसलों होतों. माझा पुतण्या व त्याचा एक मित्र बाहेरच्या खोलींत इंग्रजी गाणीं ऐकत होते. दोघेही अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असून आणखी दोघां सोबत्यांसह त्यांनीं एक रॉक बॅंड काढला आहे. पुतण्या गिटार वाजवितो, मित्र ड्रम बडवितो. ('बडवितो' हा शब्द त्याला आवडत नाहीं, हेंही येथें नमूद करून ठेवतों.) गाणीं संपलीं आणि वादास तोंड लागलें. प्रथम मीं लक्ष दिलें नाहीं. परंतु आवाज चढूं लागले, तेव्हां पान तसेंच तबकांत ठेवून मला उठावें लागलें.

वाद होता तो जॉर्ज हॅरिसन याच्या 'ऑल थिंग्ज मस्ट पास' या ध्वनिमुद्रिकासंचाविषयीं. ज्या वाचकांस हा विषय अपरिचित असेल, त्यांच्यासाठीं थोडी माहिती देतों. इंग्लंडांतील लिव्हरपूल शहरच्या चार तरुणांनीं 'बीटल्स' या नांवानें १९६० नंतरच्या दशकांत सारें जग वेडें करून सोडलें. गाणीं रचण्याचें काम मुख्यतः जॉन लेनन व पॉल मॅकार्टनी या जोडीचें. हॅरिसन हा वयानें सर्वांत धाकटा; एकेका तबकडींत त्याच्या वांट्याला बहुधा एकदोन गाण्यांचीच जागा येई. १९७० मध्यें ही मंडळी फुटली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत हॅरिसननें आपला स्वतंत्र संच काढला, तो एक नव्हे, दोन नव्हे, तीन तबकड्यांचा! इतकीं गाणीं त्याच्यापाशीं सांचून राहिलीं होतीं. ज्या गाण्यावरून संचाला नांव मिळालें, तें त्यानें १९६९ च्या जानेवारींत सोबत्यांपुढें ठेविलें होतें. त्याच्या तालमीही झाल्या होत्या. पण बीटल्सच्या तबकडींत कांहीं त्याला जागा मिळाली नाहीं. हा हॅरिसन आपणांस अगदींच परका नव्हे. सतारीसाठीं त्यानें पंडित रविशंकर यांना गुरु केलें होतें. आणि मंडळी एकत्र होती तेव्हांच, १९६८ च्या जानेवारींत, मुंबईस येऊन एच. एम. व्ही. च्या ध्वनिमुद्रणगृहांत त्यानें एका चित्रपटासाठीं संगीत मुद्रित केलें होतें. त्या वादकांत संतूरवादक शिवकुमार शर्मा हेही होते. वेगळ्या सुराची चव त्यानें आपल्या मुंबईंतही चाखली होती, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आमच्या पुतण्याचा पक्ष असा : "या माणसाला यांनीं वर्षानुवर्षें कोपऱ्यांत बसवून ठेविलें. बाहेर पडतांच त्यानें दाखवून दिलें, कीं खरा मोठा कोण! बीटल्सच्या कोणत्याही तबकडीपुढें हा संच उभा करा, तो खालीं पडावयाचा नाहीं."

मित्राचें म्हणणें याच्या उलट. "तिसरी तबकडी तूं एकदां तरी पुरी ऐकली आहेस का? नुसती वाजवावाजवी आहे ती. जॉन नाहीं तर पॉल शेजारीं असता, तर त्यानें निम्मा संच गाळायला लावला असता. आणि तो घुमारा! साधें गाणें, पण जणूं देवळाच्या गाभाऱ्यांत पन्नास माणसें कोंडून वाजवितात असें वाटतें."

"काका, तुम्हीच सांगा!" पुतण्या माझ्याकडे वळून म्हणाला.

मीं निकाल देण्याचें टाळलें. कारण उघड होतें. हा खटला मीं लहानपणींच ऐकला होता. फक्त वादी-प्रतिवादींचीं नांवें निराळीं होतीं.

आमचे आजोबा आणि त्यांचे थोरले बंधु हे दोघे विद्यार्थिदशेंत पुण्यास राहिले होते. किर्लोस्कर नाटक मंडळी हें दोघांचेंही दैवत. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० मध्यें पुण्यास 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें. त्यांच्या पश्चात् त्या मंडळींत १९०५ सालीं नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, दाखल झाले. १९११ सालीं 'मानापमाना'तील त्यांच्या भामिनीनें महाराष्ट्र जिंकला. आणि दोनच वर्षांनीं, १९१३ सालीं, बालगंधर्व, गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस हे तिघेही किर्लोस्कर मंडळींतून बाहेर पडले व त्यांनीं गंधर्व नाटक मंडळी काढली. त्या दिवसापासून आमच्या घरांत दोन पक्ष झाले.

थोरले आजोबा म्हणत, "ज्या अंगणांत वाढला, तें ओलांडून गेला." आमचे आजोबा म्हणत, "अंगण लहान पडलें, त्यास तो काय करणार?" १९१६ च्या डिसेंबरांत गंधर्व मंडळीनें खाडिलकरांचें 'स्वयंवर' रंगभूमीवर आणलें. पदांच्या चाली भास्करबुवा बखले यांच्या. ख्यालगायनाचें वैभव रुक्मिणीच्या मुखीं आलें. आजोबांच्या मतें खटला तेथेंच निकालांत निघाला होता. पण थोरले आजोबा हार जाणारे नव्हते. "गाणें उत्तम आहे, कोण नाहीं म्हणतो?" ते म्हणत, "परंतु एकेक पद दहादां 'वन्स मोअर' घेऊन म्हणावयाचें, आणि नाटक संपावयाचें पहांटे! देखाव्यांवर, शालूंवर, अत्तरांवर पैसा ओतावयाचा, आणि मग कर्ज फेडीत गांवोगांव हिंडावयाचें! किर्लोस्करांत असता, तर कोणी तरी 'पुरे' म्हटलें असतें. आतां 'पुरे' म्हणणारा कोण उरला?"

वादाला पुढेंही खाद्य मिळतच गेलें. गोविंदराव टेंबे कांहीं वर्षांत गंधर्व मंडळीही सोडून गेले व त्यांनीं शिवराज नाटक मंडळी काढली. किर्लोस्करांत मास्टर दीनानाथांचा आवाज गाजूं लागला, तोंच १९१८ सालीं तेही बाहेर पडले आणि बलवंत संगीत मंडळी उभी राहिली. १९३५ सालीं प्रभातच्या 'धर्मात्मा' या बोलपटांत बालगंधर्व पैठणचे एकनाथ झाले, तेव्हां तरी दोघां भावांचें एकमत व्हावें कीं नाहीं? नाथ म्हणजे आमच्या जिल्ह्याचें दैवत! परंतु थोरले आजोबा म्हणत, "येथें दिग्दर्शक शांताराम आहेत, त्यांनीं थांब म्हटलें कीं थांबावें लागतें, म्हणून हें नेटकें झालें." आजोबा म्हणत, "म्हणूनच तर त्यांत पांखराला पिंजऱ्यांत घातल्यासारखें दिसतें."

म्हातारपणीं दोघे याच शहरांत, एकाच वाड्यांत राहत. सायंकाळीं आजोबा बालगंधर्वांची तबकडी लावीत. थोरले आजोबा लगेच उठून ओसरीवर जात. पण ओसरीवरही ते नेमके खिडकीजवळच बसत. पद संपण्यापूर्वीं त्यांची मान हालतांना आम्हीं मुलांनीं अनेकदां पाहिली आहे. मीं एकदां त्यांना त्याविषयीं विचारलें, तेव्हां ते म्हणाले, "अरे, ही तबकडी त्याला तीन मिनिटांत थांबविते, म्हणून गोड लागते!" १५ जुलै १९६७ रोजीं बालगंधर्व गेले. ती बातमी आली, त्या संध्याकाळीं तबकडी थोरल्या आजोबांनीं स्वतःच्या हातानें लावली. वाद मात्र दोघांनींही शेवटपर्यंत सोडला नाहीं.

त्या वेळीं मला दोघांपैकीं एक चूक व एक बरोबर असला पाहिजे, असें वाटे. आतां तसें वाटत नाहीं. कोणतीही मंडळी, मग ती नाटकाची असो वा गिटारीची, आपल्या माणसासाठीं दोन गोष्टी करीत असते. ती त्याला जागा नाकारते आणि ती त्याला आवर घालते. आपणांस वाटतें, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पण नाकारणारा हात आणि आवरणारा हात एकच असतो. माणूस बाहेर पडला, कीं दोन्हीं गोष्टींतून एकदमच सुटतो. म्हणून 'मंडळी मोठी कीं तो मोठा?' असा प्रश्न करणें म्हणजे आंबे गजानें मोजण्यासारखें आहे. विचारावयाचें तें हें, कीं तो बाहेर पडला नसता, तर आपण कशास मुकलों असतों? आणि तो बाहेर पडल्यामुळें कशास मुकलों?

या मापानें पाहतां आमच्या खोलींतले दोन्ही वकील खरेच बोलत होते. हॅरिसन बाहेर पडला नसता, तर त्या संचांतील कित्येक गाणीं आपल्या कानीं आलीं नसतीं. आणि सोबती शेजारीं असते, तर तिसरी तबकडी बहुधा निघाली नसती. घुमाऱ्याविषयीं तर खुद्द हॅरिसनची साक्ष आहे. २००१ सालीं, म्हणजे मरणाच्या वर्षीं, तो संच पुन्हां प्रसिद्ध झाला, तेव्हां त्या ध्वनीच्या मोठ्या पसाऱ्यांतून कांहीं गाणीं मोकळीं करावींशीं वाटतात, असें त्यानेंच लिहिलें. आणखी एक गोष्ट पुतण्यानें ध्यानांत घेतली नव्हती. जीं वर्षें त्याला कोपऱ्यांत काढावीं लागलीं, त्याच वर्षांत त्याची पुंजी सांचत होती. लेनन-मॅकार्टनींच्या पंक्तीला बसावयाचें तर गाणें किती कसाचें लागतें, हें तो रोज पाहत होता. खोळंबा हीही एक तालीमच असते.

हें सारें मीं त्या दोघांना सांगितलें. मित्र हंसला, पुतण्या मात्र गप्प राहिला. रात्रीं जेवणें झाल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला, तेव्हां दुपारच्या आवाजाचें कारण मला कळलें. गेल्या दोन वर्षांत त्यानें नऊ गाणीं रचलीं. बॅंडनें त्यांतलें एकच घेतलें. तो बॅंड सोडण्याच्या विचारांत आहे आणि त्याच्या मित्राला तें ठाऊक आहे. म्हणजे दुपारीं हॅरिसनच्या नांवानें ते दोघे एकमेकांशींच भांडत होते.

"काका, मी बाहेर पडूं का?" त्यानें विचारलें.

जा किंवा राहा, असें सांगण्याचा मला अधिकार नाहीं. मीं एवढेंच म्हटलें, "जावयाचें तर खुशाल जा. आपल्यापाशीं सांचलेलें असून तें कधींच बाहेर न काढणें हेंही बरें नव्हे. पण जातांना दोन गोष्टी मोजून घे. तुझ्यापाशीं खरोखर किती सांचलें आहे? आणि तेथें तुला 'पुरे' म्हणणारा कोण असणार आहे? बालगंधर्व १९१३ सालीं एकटे निघाले, असें आपण म्हणतों. पण 'स्वयंवरा'च्या वेळीं एका बाजूस खाडिलकर आणि दुसऱ्या बाजूस भास्करबुवांसारखा गुरु उभा होता. म्हणून तें नाटक शंभरी उलटल्यावरही टिकून आहे. भास्करबुवा १९२२ सालीं गेले. मंडळी सोडतां येते, बाळ. ज्याच्या 'पुरे' म्हणण्याला आपण मान देतों, असा माणूस सोडून चालत नाहीं."

त्यानें उत्तर दिलें नाहीं. त्या रात्रीं उशिरापर्यंत त्याच्या खोलींत दिवा होता.

पुढच्या रविवारीं मित्र पुन्हां आला. पुतण्यानें उरलेलीं आठही गाणीं त्याच्यापुढें ठेविलीं आणि म्हटलें, "मी राहीन किंवा जाईन, तें मागाहून पाहूं. आधीं यांतलीं गाळण्यासारखीं कोणतीं, तें तूं सांग." दुपारभर दार लावून दोघे आंत बसले होते. आठांपैकीं मित्रानें तीन गाळलीं. त्यांतल्या एकावरून वाद अजून चालू आहे.