क्षमा केली, हिशेब मिटला नाही

आपल्या वर्तुळात क्षमा हा शब्द उच्चारला की कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. क्षमा म्हणजे कीर्तनाचा विषय, पराभूताने स्वतःची घातलेली समजूत, किंवा सुखवस्तूंनी गांजलेल्यांना पाजलेली अफू, असे समीकरण ठरून गेले आहे. या संशयाला कारण आहे, हे मी नाकारीत नाही. ज्यांच्या पाठीवर कधी काठी बसली नाही, तेच लोक ‘झाले गेले विसरून जा’ हा उपदेश मोठ्या हिरिरीने करीत असतात. परंतु उपदेशकाचे ढोंग पाहून क्षमाच त्याज्य ठरविणे म्हणजे सावकाराचा राग येऊन अंकगणितावर बहिष्कार घालण्यासारखे आहे.

मूळ घोटाळा असा की, द्वेष सोडणे आणि हक्क सोडणे या दोन गोष्टी आपण एकच धरून चालतो. द्वेष सोडायचा की उराशी धरायचा, हे ज्याला इजा झाली त्याने ठरवावे. तो त्याने सोडला तर त्याचे काहीच कमी होत नाही. उलट ज्याने इजा केली त्याच्याभोवती रात्रंदिवस फिरणारे मन मोकळे होते आणि कामाला लागते. हक्काचे तसे नाही. तो सोडला की पुढच्या दहा जणांचाही जातो.

दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासात हा फरक जितका स्वच्छ दिसतो तितका क्वचितच दिसतो. १० फेब्रुवारी १९०८ रोजी जोहान्सबर्गमध्ये नोंदणी कचेरीकडे निघालेल्या गांधीजींना मीर आलम आणि त्याच्या साथीदारांनी बेशुद्ध होईपर्यंत मारले. शुद्धीवर येताच, या लोकांवर खटला भरू नये, असे त्यांनी सरकारला कळविले. (तेथील गोऱ्या रहिवाशांनी मात्र हा सार्वजनिक गुन्हा असल्याचा आग्रह धरला आणि मीर आलमला शिक्षा झालीच.) आता हा माणूस मवाळ पडला म्हणावे, तर त्याच वर्षी १६ ऑगस्टला हमीदिया मशिदीच्या पटांगणात त्याच्याच नेतृत्वाखाली दोन हजारांवर नोंदणी-दाखल्यांची होळी झाली. मीर आलम तेथे आला, आपली चूक त्याने कबूल केली आणि आपला दाखला जाळण्यासाठी दिला. १९१४ मध्ये देश सोडताना गांधीजींनी जनरल स्मट्सना तुरुंगात स्वतः शिवलेल्या चपलांचा जोड भेट दिला; पण करारमुक्त मजुरांच्या डोक्यावरचा वार्षिक तीन पौंडांचा कर रद्द करून घेतल्यानंतर! चपला आणि कर यांची अदलाबदल त्यांनी होऊ दिली नाही.

त्याच देशात पुढे नेमकी ही अदलाबदल झाली. १९९५ च्या कायद्याने सत्य व सलोखा आयोग नेमला गेला आणि एप्रिल १९९६ मध्ये ईस्ट लंडन येथे आर्चबिशप टुटू यांच्या अध्यक्षतेखाली साक्षी सुरू झाल्या. संपूर्ण सत्य सांगणाऱ्या आणि कृत्यामागे राजकीय हेतू असल्याचे दाखविणाऱ्या गुन्हेगाराला कायद्याने माफी मिळणार होती. त्याने पश्चात्ताप व्यक्त करावा अशी अट नव्हती. १९८५ मध्ये क्रॅडॉक गावच्या मॅथ्यू गोनीवे, फोर्ट कॅलाटा, स्पॅरो म्खोंटो आणि सिसेलो म्हलाउली या चौघांना पोलिसांनी ठार मारले होते. म्हलाउलींच्या तरुण कन्येने आयोगापुढे सांगितले की, आम्हांला क्षमा करायची आहे, पण ती कोणाला करायची हे आम्हांला ठाऊक नाही. अर्थशास्त्राच्या ग्रंथांत आयुष्य घालविलेल्या मला सामाजिक न्यायाची याहून नेमकी मांडणी सापडलेली नाही. त्या मुलीजवळ देण्यासारखे काही होते. घेणारा लपून बसला होता. दुबळे कोण, हे मग आपणच ठरवावे.

गोऱ्या उद्योगपतींचा लपण्याचा मार्ग अधिक सोयीचा होता. स्वस्त काळ्या श्रमावर ज्यांनी भांडवल उभारले त्यांना कोणी खुनी म्हणत नव्हते, म्हणून क्षमा मागण्याचाही प्रश्न नव्हता. आयोगाने १९९८ मध्ये प्रत्येक पीडिताला सहा वर्षे दरसाल सुमारे १७ ते २३ हजार रँड देण्याची शिफारस केली. वर्णभेदातून नफा कमावलेल्यांवर कर बसविण्याचाही विचार मांडला. २००३ मध्ये अध्यक्ष म्बेकी यांनी कर नाकारला आणि एकदाच ३० हजार रँड देऊन विषय संपविला. पीडितांनी दाखविलेले औदार्य अशा रीतीने दुसऱ्यांच्या खात्यावर जमा झाले. याला सलोखा म्हणणे हा भाषेचा गैरवापर आहे. आणि याचा दोष त्या विधवांच्या क्षमाशीलतेवर टाकणे हा तर निव्वळ अन्याय होय. हिशेब बुडविला तो राज्यकर्त्यांनी, क्षमा करणाऱ्यांनी नव्हे.

कारण क्षमेची भाषा बोलणारी तीच कुटुंबे हिशेब मागत राहिली. क्रॅडॉकच्या खून प्रकरणात सहा पोलिसांना आयोगाने १९९९ मध्ये माफी नाकारली होती, तरीही सरकारने त्यांच्यावर खटला चालविला नाही. जानेवारी २०२५ मध्ये या व अशा इतर कुटुंबांनी सरकारलाच न्यायालयात खेचले. खटले दडपले गेले काय, याच्या चौकशीसाठी अध्यक्ष रामाफोसा यांना आयोग नेमावा लागला. जूनमध्ये, चाळीस वर्षांनंतर, चौघांच्या मृत्यूची न्यायालयीन चौकशी पुन्हा सुरू झाली. तोपर्यंत त्या सहांपैकी एकही जण हयात राहिला नव्हता. मृतांची मुले मात्र न्यायालयात बसली होती.