हेसरघट्ट्याचे पाणी आले, मासळी कधी?

प्रति,
मा. संचालक, मत्स्योद्योग खाते,
कर्नाटक शासन, बेंगळुरू यांस सादर.

बेंगळुरूच्या बाजारात, आणि म्हणून मल्लेश्वरमच्या स्वयंपाकघरांत, येणाऱ्या रोहू-कटल्याचा मोठा हिस्सा आंध्रातील कोल्लेरू सरोवराभोवतीच्या तलावांतून बर्फाच्या पेट्यांत भरून, शेकडो किलोमीटरांचा प्रवास करून येतो. गोड्या पाण्यातील मत्स्यपालनावर संशोधन करणाऱ्या केंद्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र मात्र जवळच, हेसरघट्ट्याला आहे. अर्कावती नदीवर १८९४ मध्ये उभ्या राहिलेल्या तिथल्या जलाशयाचे पाणी सोलदेवनहळ्ळीच्या पंपांनी मल्लेश्वरमच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत आणण्याची सोय त्या काळच्या शासनाने केली होती. तशी सोय आसपासच्या तळ्यांतील मासळीसाठी अजून झालेली नाही, ही खंत या पत्रामागे आहे.

उत्पादनाच्या योजना पुष्कळ आहेत. संमिश्र मत्स्यसंवर्धन, म्हणजे वरच्या थरात चरणारा कटला, मधला रोहू आणि तळाचा मृगळ एकाच तळ्यात वाढवण्याची पद्धत, लहान शेतकऱ्यालाही साधते, आणि बोटुकली, म्हणजे बोटाएवढे मत्स्यबीज, सोडल्यावर साधारण वर्षभरात मासा विक्रीजोगा होतो. अडचण त्यानंतर, जाळे ओढण्याच्या दिवशी सुरू होते. कोल्लेरूच्या परिसरात तळी मोठी आणि एकमेकांना लागून असल्याने एका दिवसात ट्रक भरतो, आणि बर्फाचे कारखाने व पेट्या भरण्याच्या जागाही हाताशी असतात. इथल्या एकट्या शेतकऱ्याची दोन-चार क्विंटल मासळी मात्र ना ट्रक भरू शकते, ना बर्फाचा खर्च पेलू शकते, त्यामुळे बांधावर आलेला व्यापारी सांगेल तो भाव आणि करील ते वजन त्याला मान्य करावे लागते. त्या व्यापाऱ्याकडून खाद्यासाठी उचल घेतलेली असेल, तर घासाघीस करण्याचीही सोय उरत नाही. ही हतबलता शेतकऱ्याच्या आळसातून आलेली नाही, हे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे.

म्हणून खात्याने प्रत्येक तालुक्यात जाळे ओढण्याचे सामाईक वेळापत्रक आखावे, जेणेकरून शेजारच्या दहा-बारा तळ्यांची मासळी एकाच पहाटे निघेल आणि एका गाडीत मावेल. त्या गाडीसोबत बांधावर मासळीच्या वजनाइतका बर्फ पोहोचवावा, कारण उष्ण हवेत मासा मेल्यानंतरचे पहिले काही तासच त्याचा टिकाऊपणा ठरवतात, आणि तेव्हा हुकलेला गारवा बाजारात कितीही बर्फ ओतला तरी भरून निघत नाही. प्रत्येक पेटीवर तळ्याचे गाव आणि जाळे ओढल्याची तारीख कन्नडमध्ये ठळक लिहिणे बंधनकारक करावे. २०१८ मध्ये फॉर्मेलिनच्या, म्हणजे मृतदेह टिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रसायनाच्या, भीतीने गोव्यात परराज्यातील मासळीवर बंदी आली, तेव्हा आपला मासा कुठून आणि कधी निघाला हे ग्राहकाला कळण्याचा मार्गच नव्हता. मल्लेश्वरम परिसरात आठवड्यातून दोन सकाळी अशा पेट्या थेट विकण्यासाठी सावलीची, नळाची आणि सांडपाण्याचा निचरा असलेली एक जागा खात्याने महापालिकेकडून मिळवावी, आणि पहिली गाडी हेसरघट्ट्याच्या बाजूनेच आणावी.

मल्लेश्वरममधील एक मराठी मत्स्यग्राहक