नव्या फुटबॉल कार्डांचे मोल

टपाल तिकिटे, जुनी नाणी, आगपेट्यांवरची चित्रे यांचा संग्रह करणाऱ्यांची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. च्युइंगगमच्या वेष्टनातून मिळणारी क्रिकेटपटूंची छायाचित्रे जमवून वर्गमित्रांशी अदलाबदल करणारी पिढी आज आपल्या शाखांत काउंटरच्या अलीकडेही आहे आणि पलीकडेही. या पिढीच्या मुलांच्या हाती आता फुटबॉलपटूंची कार्डे आली आहेत. कोल्हापूर, गोवा, कोलकाता, केरळ ही फुटबॉलची जुनी घरे. परंतु युरोपातील सामने घरबसल्या दिसू लागल्यापासून ही हौस पुणे, ठाणे, इंदूर, बंगळूर अशा शहरांतही रुजली आहे. दर हंगामात नवे संच निघतात आणि त्यांच्याबरोबर एक प्रश्न ठरलेला असतो : यातले कोणते घ्यावे आणि घेतलेल्याची किंमत वाढेल काय?

वस्तुतः हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कार्ड चांगले आहे की नाही, हे डोळे, भिंग आणि थोडी माहिती यांच्या साहाय्याने पहिल्याच दिवशी ठरवता येते. ते पुढे मौल्यवान ठरेल की नाही, हे त्या दिवशी कोणालाच ठरवता येत नाही, छापणाऱ्यालाही नाही. नव्या संचांचा सारा व्यापार मात्र हे दोन प्रश्न एकच असल्याचे भासवण्यावर चालतो, असे माझे मत आहे.

प्रथम गुणवत्तेविषयी. या क्षेत्रात दोन नावे प्रमुख आहेत. इटलीतील मोदेना येथे १९६१ साली पानिनी बंधूंनी स्थापन केलेली पानिनी कंपनी आणि अमेरिकेतील टॉप्स. पानिनीने १९७० च्या मेक्सिको विश्वचषकापासून स्टिकरचे अल्बम काढले. टॉप्स ही मुळात बेसबॉलच्या कार्डांसाठी प्रसिद्ध. २०२२ च्या जानेवारीत ती फॅनॅटिक्स या उद्योगसमूहाने विकत घेतली. कोणत्या स्पर्धेची कार्डे कोणी छापावीत, याचे हक्क करारांनी ठरतात व ते बदलत राहतात. इंग्लंडच्या प्रीमियर लीगचे हक्क २०२५-२६ च्या हंगामापासून पानिनीकडून टॉप्सकडे गेले. या करारांचा परिणाम थेट कार्डावर दिसतो. २०२४ च्या युरो स्पर्धेचा अल्बम टॉप्सने काढला, पण इंग्लंड, जर्मनी यांसारख्या संघांचे करार पानिनीशी असल्याने त्यांचे खेळाडू त्यात अधिकृत गणवेशाविना छापावे लागले. नवा संच हाती घेताना पहिली दृष्टी खेळाडूच्या छातीवरील बोधचिन्हाकडे जावी, ती याचसाठी. बोधचिन्ह नसलेले कार्ड हे बहुधा अपुऱ्या हक्कांचे कार्ड असते आणि संग्राहक त्याला दुय्यम मानतात.

यानंतर छपाई. प्रचलित कार्डाचा आकार अडीच इंच बाय साडेतीन इंच. चित्राच्या चारही बाजूंचा कडेचा पट्टा समान आहे काय, कोपरे टोकदार आहेत काय, गडद रंगाच्या कडेवर पांढरे टवके दिसतात काय, हे पाहावे. 'क्रोम' वा 'प्रिझम' प्रकारच्या चकचकीत कार्डांचा पृष्ठभाग तिरप्या उजेडात धरला, तर पुष्कळदा छपाईच्या यंत्राने उमटवलेली बारीक सरळ रेघ दिसते. हा दोष पाकीट फोडण्यापूर्वीचाच असतो, ग्राहकाच्या हाताळणीचा नव्हे. शिवाय या कार्डांत कागद आणि चकाकीचा थर यांचा ओलाव्याला मिळणारा प्रतिसाद सारखा नसतो. त्यामुळे दमट हवेत कार्ड वाकते. मुंबई, कोकण व गोव्याच्या पावसाळ्यात तर ते पापडासारखे वळते. प्लॅस्टिकचे पातळ आवरण, त्यावर टणक कवच आणि डब्यात ओलावा शोषणारी पुडी एवढी तजवीज इकडच्या संग्राहकाने केलीच पाहिजे.

सही असलेल्या कार्डांचे दोन वर्ग आहेत. एकात खेळाडूने प्रत्यक्ष कार्डावर सही केलेली असते. दुसऱ्यात त्याने पारदर्शक चिकटपट्ट्यांच्या तावावर सह्या केलेल्या असतात आणि कंपनी त्या नंतर कार्डांवर डकवते. दोन्ही सह्या खऱ्याच, पण पहिल्या प्रकारात खेळाडूने ते कार्ड हाती घेतलेले असते, दुसऱ्यात तो ते कार्ड कधी पाहतही नाही. गणवेशाचा तुकडा बसवलेल्या कार्डांबाबत तर मागील बाजूचा बारीक मजकूर अवश्य वाचावा. हा तुकडा कोणत्याही विशिष्ट सामन्यातील, प्रसंगातील अथवा हंगामातील नाही, अशा अर्थाचे वाक्य तेथे अनेकदा छापलेले असते. कर्जाच्या करारपत्राचा बारीक मजकूर वाचा, असे आम्ही ग्राहकांना सांगत असतो. येथे करारपत्र एका ओळीचे आहे आणि ती ओळ न वाचता लोक हजारो रुपये मोजतात.

बँकेत रोखपालाच्या खिडकीत बसलेल्या माणसाला कागदाची पारख नवी नाही. तरीही नोट आणि कार्ड यांत एक मूलभूत भेद आहे. नोट मळली, दुमडली तरी तिचे मूल्य कमी होत नाही. फाटली तरी पुरेसा भाग शाबूत असल्यास रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार पूर्ण रक्कम मिळते. त्या मूल्यामागे कोणीतरी देणेकरी उभा असतो. कार्डामागे कोणीही उभा नाही. कोपऱ्याचा एक सूक्ष्म टवका त्याची किंमत निम्म्याने, कधी त्याहूनही अधिक, खाली आणतो. म्हणूनच १ ते १० अशी श्रेणी देणाऱ्या संस्था निर्माण झाल्या. त्यांतील पीएसए ही अमेरिकी संस्था १९९१ पासून काम करते. टाळेबंदीच्या काळात कार्डांचे वेड एवढे वाढले, की २०२१ च्या मार्चमध्ये या संस्थेला आपल्या बहुतेक सेवांसाठी नवी कार्डे स्वीकारणे तात्पुरते थांबवावे लागले. श्रेणीकरण उपयुक्त आहे, यात वाद नाही. परंतु श्रेणी ही प्रतीची अवस्था सांगते. त्या खेळाडूचे किंवा त्या संचाचे भवितव्य सांगत नाही.

आता त्या प्रसिद्ध आकड्याकडे वळू. कार्डाच्या कोपऱ्यात '७/२५' असे सोनेरी अक्षरांत छापलेले असते. अर्थ असा, की या प्रकारची २५ च कार्डे छापली आणि हातातले त्यांपैकी सातवे. वाचणाऱ्याची समजूत होते, की या खेळाडूची जगात २५ कार्डे आहेत. पण तेच छायाचित्र त्याच संचात वेगवेगळ्या रंगांच्या चौकटींत येते. उदाहरणादाखल समजा, एका खेळाडूच्या कार्डाच्या अशा रंगांची मर्यादा २९९, १९९, १५०, ९९, ७५, ५०, २५, १०, ५ आणि १ अशी आहे. बेरीज केली तर क्रमांकित कार्डेच ९१३ होतात. यात क्रमांक नसलेली साधी कार्डे नाहीत, आणि ती किती छापली हे बहुतेकदा जाहीर होत नाही. त्याच हंगामात त्याच खेळाडूची कार्डे देशांतर्गत लीगच्या, चॅम्पियन्स लीगच्या आणि राष्ट्रीय संघाच्या संचांतही निघतात. २५ हा आकडा खोटा नाही. तो रंगाची दुर्मिळता सांगतो, खेळाडूची नव्हे.

जुन्या कार्डांची दुर्मिळता निराळ्या मार्गाने आली. १९५८ च्या विश्वचषकाच्या सुमारास स्वीडनमध्ये आलिफाबोलागेट या नावाने निघालेल्या कार्डांत सतरा वर्षांचा पेले होता. त्याची उत्तम अवस्थेतील एक प्रत २०२२ मध्ये १३ लाख डॉलरहून अधिक किमतीस गेली. पानिनीच्या १९७९-८० च्या इटालियन अल्बमसाठीच्या मॅराडोनाच्या स्टिकरला २०२१ मध्ये ५ लाख डॉलरहून अधिक मिळाले. स्टिकर निर्माण झाला तो अल्बममध्ये चिकटवण्यासाठी. हजारो मुलांनी तो चिकटवला, खरडला, हरवला. जो कोणाच्या तरी खणात न चिकटवता पडून राहिला, त्याला हा भाव आला. स्पेनमध्ये २००४-०५ च्या हंगामात निघालेल्या पानिनीच्या 'मेगाक्रॅक्स' संचातील मेस्सीच्या कार्डाची सर्वोच्च श्रेणीची प्रत २०२५ मध्ये १५ लाख डॉलरना विकली गेली. ते छापले तेव्हा त्यावर क्रमांक नव्हता, सोनेरी अक्षरे नव्हती, आणि त्याला जपून ठेवण्याचे कारणही फारसे कोणाला दिसत नव्हते.

आजचे कार्ड पाकिटातून निघताच प्लॅस्टिकच्या कवचात जाते. जे सगळेच जपतात, ते कालांतराने दुर्मिळ कसे व्हावे? अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बेसबॉलची कार्डे भविष्यातील ठेव म्हणून लोकांनी खोक्यांनी साठवली. कंपन्यांनीही मागणीप्रमाणे अमाप छापली. त्या काळातील बहुसंख्य कार्डांना आज साठवणुकीच्या जागेएवढेही मोल नाही.

हा विषय बँकेच्या नियतकालिकात का, असे कोणी विचारील. शाखेत काम करताना मुदतीपूर्वी आवर्ती ठेव मोडण्याचे अर्ज समोर येतात. शिक्षण, आजारपण, घरदुरुस्ती ही नेहमीची कारणे. मध्यंतरी नोकरीच्या पहिल्या वर्षातील एका तरुण खातेदाराने सांगितलेले कारण नवे होते : नव्या संचाचा एक बंद बॉक्स. तो अडाणी नव्हता. प्रत्येक खेळाडूचे वय, गोलांची संख्या, श्रेणीनिहाय भाव त्याला मुखोद्गत होते. त्याच्या हिशेबात नव्हते ते विनिमय दर, आयात शुल्क, टपालखर्च, श्रेणीकरणाचे शुल्क आणि विकताना परदेशी विक्रीमंचाला द्यावे लागणारे दहा टक्क्यांहून अधिक कमिशन. बॉक्समधील कार्डांना बॉक्सएवढाच भाव आला, तरी एवढ्या वजावटीनंतर तोटाच होतो. शिवाय तो पाहत होता ते मागणीचे भाव, प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचे नव्हेत. घर विकणारा जाहिरातीत काय आकडा टाकतो आणि नोंदणी कार्यालयात काय लागते, यांतले अंतर आपण जाणतो. कार्डांतही ते तेवढेच असते. कार्डावर व्याज नाही, लाभांश नाही आणि कोणतीही बँक ते सोन्यासारखे तारण म्हणून ठेवून घेत नाही. हौसेच्या खर्चाला माझी हरकत नाही; हरकत आहे ती त्या खर्चाला गुंतवणूक म्हणण्याला. (त्याने ठेव मोडली. तो त्याचा अधिकार होता आणि आम्ही अर्ज त्याच दिवशी निकाली काढला.)

मग घ्यावे काय? मुलांसाठी माझे मत स्टिकरच्या अल्बमच्या बाजूने आहे, पण त्याचेही गणित आधी समजून घ्यावे. २०१८ च्या विश्वचषकाचा पानिनीचा अल्बम ६८२ स्टिकरांचा होता. कार्डिफ विद्यापीठातील गणितज्ञ पॉल हार्पर यांनी दाखवले, की कोणाशीही अदलाबदल न करता तो पूर्ण करायचा, तर सरासरी ४,८३२ स्टिकर, म्हणजे पाचांची ९६७ पाकिटे लागतील. ब्रिटनमधील त्या वेळच्या दराने ७७३ पौंड. २०२६ च्या विश्वचषकात संघ ४८ असल्याने अल्बम ९८० स्टिकरांवर गेला. त्याच सूत्राने सुमारे ७,३०० स्टिकर, म्हणजे सातांची हजाराहून अधिक पाकिटे होतात. शेवटची काही चित्रे मिळवण्यात सर्वाधिक पैसा जातो, कारण तोवर जवळपास प्रत्येक पाकिटातून दुबार चित्रेच निघतात. चार-पाच मित्रांनी मिळून अदलाबदल केली, की हा खर्च झपाट्याने खाली येतो. अल्बमची खरी मौज त्या अदलाबदलीतच असते आणि तिच्यासाठी कोणाला कमिशन द्यावे लागत नाही.

प्रौढ संग्राहकाने बंद बॉक्सच्या मोहात न पडता हवे असलेले एकच कार्ड सुटे विकत घ्यावे, नवा संच निघाल्यावर काही महिने थांबून. पहिल्या आठवड्यातील भाव उत्सुकतेचा असतो. हंगाम सरला, की साध्या कार्डांचा भाव बहुधा उतरतो. कोवळ्या खेळाडूंच्या बाबतीत तर गुडघ्याची एक दुखापत पुरेशी असते.

कंपन्यांकडून एक अपेक्षा मात्र अवश्य करावी. पाकिटावर 'इतक्या पाकिटांत एक' असे दुर्मिळ कार्डांचे प्रमाण छापलेले असते. एकूण पाकिटे किती, हे मात्र नसते. भाजक दिला आणि भाज्य झाकला, तर ग्राहकाने भागाकार कसा करावा? टॉप्सच्याच 'टॉप्स नाऊ' या योजनेत एखाद्या सामन्यानंतर ठरावीक मुदतीत जेवढी मागणी येते तेवढीच कार्डे छापली जातात आणि ती संख्या नंतर प्रसिद्ध केली जाते. म्हणजे संख्या जाहीर करणे अशक्य नाही. हीच पद्धत सर्व संचांना लागू करण्यास बॉक्सच्या मागील बाजूवर एका ओळीची जागा लागेल, आणि गणवेशाच्या तुकड्याविषयीचा तो बारीक मजकूर पाहता, अशा ओळीसाठी जागा काढणे या कंपन्यांना चांगले जमते.